गणवेशातल्या आजीचा माग

जुन्या अल्बममध्ये कधीतरी तो फोटो सापडतो. विशी-बाविशीची मुलगी, डोक्यावर टोपी, गळ्याशी टाय, कोटाला ओळीने धातूची बटणं. घरात विचारलं तर उत्तर येतं, "ती लढाईत काहीतरी होती म्हणे." तिच्या भावाविषयी विचारा. त्याची पलटण, त्याचा नंबर, कुठल्या लढाईत पायात गोळी शिरली, सगळं घरात तोंडपाठ असतं. तिच्या वाट्याला मात्र "काहीतरी" एवढा एकच शब्द.

मग घरातली एखादी पणती उत्साहाने अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर तिचं नाव टाकून बघते. काही येत नाही. दोन-तीनदा स्पेलिंग बदलून पाहिलं जातं आणि "तिची नोंदच नाही" म्हणून विषय मिटतो. मला हे फार लागतं, कारण पुष्कळदा नोंद असते. ती कुठे आणि कोणत्या नावाने ठेवली आहे, एवढंच आपल्याला माहीत नसतं.

असं होण्याची कारणं मुख्यतः दोन. एक तर बाईचं नाव आयुष्यात बदलतं आणि कागद मात्र लिहिला त्या दिवशीच्या नावावर थांबून राहतो. दुसरं कारण जास्त खोल आहे. सैन्यांनी बायकांना कामाला घेतलं, पण कितीतरी वर्षं त्यांना सैन्य म्हणून मोजलं नाही. सहायक दल, स्वयंसेविका, नागरी कर्मचारी अशा नावांखाली त्यांना ठेवलं. पगाराची वही वेगळी, नंबर वेगळा, म्हणून कागदांचं कपाटही वेगळं. आपण पुरुषांच्या कपाटात शोधतो आणि रिकाम्या हाताने परततो.

म्हणून शोधाचा क्रम महत्त्वाचा. आधी तिची सगळी नावं, मग दल, मग नंबर आणि शेवटी फाईल. इथे मी ब्रिटनची उदाहरणं जास्त देणार आहे. दोन्ही महायुद्धांत तिथे बायकांची मोठी दलं होती आणि त्यांचे कागद आज बऱ्यापैकी खुले आहेत. पण रीत कुठल्याही देशाला लागू पडते.

आधी तिची सगळी नावं

एक कोरा कागद घ्या आणि तिला आयुष्यात ज्या-ज्या नावांनी हाक मारली गेली ती सगळी लिहून काढा. जन्माचं नाव, लग्नानंतरचं, दुसरं लग्न झालं असेल तर तेही, लाडाचं नाव, मधलं नाव जे ती पहिलं म्हणून वापरायची, आणि परक्या भाषेतल्या कारकुनाने कानावर पडेल तसं लिहिलं असेल ते.

हे शेवटचं किती महत्त्वाचं आहे ते नूर इनायत खान यांच्या कागदांवरून कळतं. त्या नोव्हेंबर १९४० मध्ये ब्रिटनच्या विमेन्स ऑक्झिलरी एअर फोर्समध्ये भरती झाल्या, पुढे बिनतारी यंत्र चालवणाऱ्या गुप्तहेर म्हणून जून १९४३ मध्ये फ्रान्समध्ये उतरल्या, पकडल्या गेल्या आणि सप्टेंबर १९४४ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत त्यांना मारण्यात आलं. त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक जाहीर झालं तो एप्रिल १९४९ मध्ये. त्या राजपत्रातलं नाव आहे "नोरा इनायत-खान", हुद्दा असिस्टंट सेक्शन ऑफिसर, नंबर ९९०१. भरतीच्या वेळीही त्यांनी "नोरा" हेच नाव दिलं होतं. म्हणजे सगळ्या जगाला माहीत असलेलं नाव त्या यादीत टाकलं तर हाती काही लागणार नाही. शिवाय त्यांचे कागद एका जागी नाहीत. हवाई दलाच्या सहायक दलात त्या होत्याच, खरं काम लपवायला आवरण म्हणून त्यांना फर्स्ट एड नर्सिंग यॉमनरी या स्वयंसेवी दलातही घेतलं होतं, आणि हेरगिरीची फाईल तिसरीकडे, स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह या त्यांना फ्रान्सला पाठवणाऱ्या गुप्त संस्थेच्या कागदांत, लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. एक बाई आणि तीन कपाटं. इतक्या नावाजलेल्या स्त्रीचं हे असेल, तर तारखात्यात काम केलेल्या साध्या मुलीचं काय होत असेल?

इंग्लंड-वेल्समधल्या नातलगासाठी नावांची साखळी जोडायला दोन गोष्टी फार उपयोगी पडतात. तिथल्या जन्मनोंदींच्या सूचीत १९११च्या सप्टेंबर तिमाहीपासून आईचं माहेरचं आडनाव छापलं जाऊ लागलं आणि लग्नांच्या सूचीत १९१२च्या मार्च तिमाहीपासून जोडीदाराचं आडनाव. त्याच्या आधीच्या सूचींत नुसती नावं आणि पानांचे क्रमांक, तिथे जुळणी हाताने करावी लागते.

दुसरी गोष्ट माझ्या फार आवडीची आहे. २९ सप्टेंबर १९३९ रोजी, युद्ध सुरू होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, घरोघरच्या माणसांची नोंद करण्यात आली. ओळखपत्रं आणि पुढे रेशनची पुस्तकं त्यावरून दिली गेली. युद्ध संपल्यावर ती वही फेकली गेली नाही, कारण ती आरोग्यसेवेच्या कामाला आली आणि १९९१ पर्यंत तिच्यात दुरुस्त्या होत राहिल्या. त्यामुळे आज ते पान उघडलं की दिसतं ते असं: एका मुलीचं आडनाव, त्यावर एक रेघ, आणि वर वेगळ्या शाईत, वेगळ्या हाताने लिहिलेलं दुसरं आडनाव. कधी त्याच्याही वर तिसरं. कुठल्याशा कारकुनाने आपलं रोजचं काम म्हणून ओढलेली ती रेघ म्हणजे माहेर आणि सासर यांच्यामधला पूल आहे. शंभर वर्षांच्या आत जन्मलेल्यांची नोंद, मृत्यूचा पुरावा दिल्याशिवाय झाकलेली असते, हे ध्यानात ठेवा. आणि त्या रात्री जी आधीच बराकीत राहत होती ती या वहीत मिळणार नाही. पण मग तेवढं कळलं तरी काहीतरी कळलंच.

फोटो आणि पेटीतली पदकं

दल ओळखायला घरातलाच ऐवज आधी नीट बघावा. फोटो भिंगाखाली धरा. टोपीवरचा बिल्ला बघा, खांद्यावरची अक्षरं बघा, मग बाह्या. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश गणवेशावर उजव्या बाहीच्या खालच्या भागात छोटे कोन शिवलेले असतील, तर तो परदेशातल्या सेवेचा हिशेब आहे. नर्स असेल तर खांद्यावरची छोटी केप बघा. क्वीन अलेक्झांड्राज इम्पिरियल मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या कायम नर्सेसची केप पूर्ण किरमिजी असे, राखीव नर्सेसची राखाडी आणि तिला किरमिजी काठ. काळ्या-पांढऱ्या फोटोत किरमिजी रंग गडद दिसतो, त्यामुळे सगळी केप गडद की फक्त काठ गडद, एवढं पाहिलं तरी दोघींमधला फरक कळतो. छातीवरच्या एप्रनवर मोठा क्रॉस असेल तर ती बहुधा लष्करी नर्स नसून रेडक्रॉसची स्वयंसेविका. मग तिचे कागद लष्कराकडे शोधू नयेत, रेडक्रॉसकडे शोधावेत.

पदक असेल तर त्याची कड फिरवून बघा. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि दल कोरलेलं असतं. एका बोटाच्या रुंदीत अर्धा शोध संपतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने आपल्या लोकांना दिलेली मोहिमेची पदकं बिननावी आहेत, भारत, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका यांनी दिलेल्यांवर मात्र नावं आहेत. पदक नाही म्हणून खट्टू होऊ नका. पहिल्या युद्धाची ती पदकं समुद्रापार गेलेल्यांना मिळत. चार वर्षं मायदेशातल्या इस्पितळात रात्रपाळ्या केलेल्या मुलीला ती मिळाली नाहीत. पदकांच्या यादीत नाव नसणं हा सेवा न केल्याचा पुरावा होत नाही.

कोणतं दल, म्हणजे कोणतं कपाट

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेकांची गाडी इथेच चुकते.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने १९१७ मध्ये विमेन्स आर्मी ऑक्झिलरी कोअर काढली. एप्रिल १९१८ मध्ये तिला राणी मेरीचं नाव दिलं. सुमारे ५७,००० स्त्रिया तीत होत्या. पण त्यांना शिपायांचे हुद्दे दिले नाहीत. साध्या शिपायाच्या जागी "वर्कर", सार्जंटच्या जागी "फोरवुमन". आता विचार करा, घरात एक कागद आहे, त्यावर लिहिलंय "फोरवुमन", आणि घरची समजूत आहे की पणजी युद्धात कुठल्याशा कारखान्यात होती. ती फ्रान्समध्ये गणवेशात सार्जंटच्या कामावर असू शकते. नौदलाची विमेन्स रॉयल नेव्हल सर्व्हिस नोव्हेंबर १९१७ मध्ये निघाली, १९१९ मध्ये बंद झाली आणि एप्रिल १९३९ मध्ये पुन्हा उभी राहिली. हवाई दलाची पहिली स्त्री-शाखा १ एप्रिल १९१८ पासून १९२० पर्यंतच होती. दोन युद्धांमधल्या दलांची नावं इतकी सारखी आहेत की तारीख न बघता शोधलं तर हमखास गोंधळ होतो.

दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी ऑक्झिलरी टेरिटोरियल सर्व्हिस होती, सप्टेंबर १९३८ मध्ये स्थापलेली. हवाई दलासाठी जून १९३९ पासून विमेन्स ऑक्झिलरी एअर फोर्स. डिसेंबर १९४१ च्या कायद्याने वीस ते तीस वयाच्या अविवाहित स्त्रियांना सक्तीची सेवा लागू झाली, त्यामुळे त्या वयाच्या मुलींची नोंद कुठे ना कुठे असण्याची शक्यता पुष्कळ वाढते. लष्करी शाखेतले हुद्दे इथेही फसवे आहेत. "ज्युनिअर कमांडर" वाचून कुणी हाताखालची मुलगी वाटेल. तो कॅप्टनच्या बरोबरीचा हुद्दा होता.

नौदलाची गंमत वेगळी. कागदावर "एचएमएस पेम्ब्रोक" असं दिसलं की घरी गोष्ट तयार होते, आजी लढाऊ जहाजावर होती. ब्रिटिश नौदल किनाऱ्यावरच्या तळांनाही जहाजांसारखी नावं देतं आणि पेम्ब्रोक हा चॅटमचा जमिनीवरचा तळ होता. पण त्याच्यापुढे रोमन पाचचा आकडा असेल तर मात्र थांबा. "पेम्ब्रोक पाच" हे नाव ब्लेचली पार्क आणि तिच्या ठाण्यांवर, जर्मन सांकेतिक संदेश फोडण्याच्या कामाला लावलेल्या नौदलाच्या मुलींसाठी वापरलं जात होतं. त्या ठिकाणच्या कर्मचाऱ्यांत स्त्रियांचं प्रमाण सुमारे तीन-चतुर्थांश होतं. गुप्ततेची शपथ त्यांनी इतकी पाळली की कित्येकींच्या नवऱ्यांना आणि मुलांना दशकानुदशकं काही ठाऊक नव्हतं. ब्लेचली पार्कने तिथे काम केलेल्यांची नामावली तयार केली आहे, ती नावावरून शोधता येते.

आणि काही जणी अशा, ज्यांचा कागद त्यांच्या स्वतःच्या देशाच्या सैन्यात असण्याचं कारणच नाही. डॉ. एल्सी इंग्लिस यांनी १९१४ मध्ये ब्रिटिश युद्धखात्याला स्त्रियांनी चालवलेलं इस्पितळ देऊ केलं, तेव्हा त्यांना घरी जाऊन गप्प बसायला सांगण्यात आलं. त्या बसल्या नाहीत. त्यांची स्कॉटिश विमेन्स हॉस्पिटल्स फ्रेंचांसाठी आणि सर्बियासाठी काम करत राहिली. त्यात नर्स, डॉक्टर, ड्रायव्हर म्हणून गेलेल्या बाईची फाईल लंडनच्या लष्करी दप्तरात शोधणं व्यर्थ. त्या संस्थेचे कागद ग्लासगोच्या मिचेल लायब्ररीत आहेत. फ्लोरा सँडिस तर रुग्णसेवेसाठी सर्बियाला गेल्या आणि १९१५ च्या माघारीत तिथल्या सैन्यात शिपाई म्हणून दाखल झाल्या, पुढे अधिकारी झाल्या. नकार कुठून मिळाला आणि दार कुठे उघडलं, हे शोधलं की कपाट सापडतं.

अमेरिकेत हाच अन्याय कायद्याच्या भाषेत झाला. पहिल्या महायुद्धात सैन्याच्या टेलिफोन ऑपरेटर म्हणून फ्रान्सला गेलेल्या मुलींनी शपथ घेतली होती, गणवेश घातला होता. परत आल्यावर त्यांना सांगितलं, तुम्ही नागरी कर्मचारी होतात. दुसऱ्या युद्धात लष्करी विमानं चालवणाऱ्या विमेन एअरफोर्स सर्व्हिस पायलट्सपैकी ३८ जणी कामावर असताना मेल्या, तरी त्याही नागरीच. दोन्ही गटांना माजी सैनिकांचा दर्जा मिळाला तो १९७७ च्या कायद्याने. त्यामुळे या वैमानिकांचा मोठा संग्रह लष्करी भांडारात नाही, टेक्सस विमेन्स युनिव्हर्सिटीत आहे.

भारतातल्या स्त्रियांचं कपाटही असंच निसटतं. विमेन्स ऑक्झिलरी कोअर, इंडिया, ही १९४२ मध्ये उभी राहिली. भारतीय, अँग्लो-इंडियन आणि भारतात राहणाऱ्या ब्रिटिश स्त्रिया तीत होत्या, नौदलाची शाखा पुढे विमेन्स रॉयल इंडियन नेव्हल सर्व्हिस म्हणून ओळखली गेली. ब्रिटिश घराण्यातले वारस त्यांना ब्रिटनच्या सहायक दलात शोधत बसतात. नौदल शाखेतल्या सेकंड ऑफिसर कल्याणी सेन १९४५ मध्ये ब्रिटनला गेल्या, तेव्हाचा त्यांचा साडीतला फोटो लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियममध्ये आहे, खाली नाव आणि हुद्द्यासकट. फोटोखालची ओळ हीसुद्धा एक नोंदच असते, फोटोसंग्रह विसरू नका. आणि राणी झाशी रेजिमेंटमधली एखादी आत्या किंवा मावशी असेल, १९४३ नंतर सिंगापूर, मलाया, ब्रह्मदेश या भागातली, तर ती ब्रिटिश सेवापटांत कशी असेल? आझाद हिंद फौजेची कागदपत्रं दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांच्या "अभिलेख पटल" या संकेतस्थळावरून सूची पाहता येते.

एका कार्डाची गोष्ट

रेडक्रॉसच्या स्वयंसेविकांची कार्डं मला सगळ्यात बोलकी वाटतात. पहिल्या महायुद्धातली ती कार्डं आता नावावरून मोफत शोधता येतात. हाताएवढं कार्ड. वर आडनाव, मग "मिस" की "मिसेस", मग घरचा पत्ता, रुजू होतानाचं वय, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख. पुढे हुद्दा. पगाराच्या रकान्यात बहुधा काही नाही. मग कामाचं स्वरूप: वॉर्डात नर्स, स्वयंपाकघर, धुलाई, गाडी चालवणं, पट्ट्या शिवणं, कधी जखमेवर बांधायला दलदलीतलं शेवाळ गोळा करून साफ करणं. आणि त्याखाली एक रकाना, पूर्णवेळ की अर्धवेळ, अर्धवेळ असेल तर किती तास.

त्या तासांच्या आकड्यापाशी थांबा. कुणीतरी ते तास मोजले होते. घर सांभाळून, दुपारच्या दोन-तीन तासांत भांडी घासायला इस्पितळात जाणाऱ्या बाईचे तास वहीत चढत गेले आणि युद्ध संपल्यावर त्यांची बेरीज या कार्डावर आली. आता हे काम "लष्करी सेवा" होतं का, असा वाद घालता येईल. मी तो घालत नाही. जखमींच्या इस्पितळात विनावेतन घालवलेले तास माझ्या लेखी सेवाच आहे.

एक सावधगिरी. कार्डावरचं वय आणि जन्मदाखला जुळला नाही तर कार्ड दुसऱ्या कुणाचं असेल असं लगेच समजू नका. परदेशी पाठवायला स्वयंसेविकेचं वय किमान २३ हवं होतं, आणि एकविसाव्या वर्षी जायला निघालेल्या मुलींनी वय वाढवून सांगितल्याची उदाहरणं आहेत.

नंबर

नंबर मिळाला की अर्धी लढाई जिंकली, कारण नाव बदलतं, नंबर टिकतो. निदान हुद्दा बदलेपर्यंत तरी. साधी भरती झालेली मुलगी पुढे अधिकारी झाली की तिला नवा नंबर मिळत असे, म्हणून दोन नंबर दिसले तर दोन बायका समजू नये.

नंबरच्या आधीची अक्षरंही वाचायला शिका. दुसऱ्या महायुद्धातल्या ऑस्ट्रेलियन लष्करी नंबरात पहिलं अक्षर राज्याचं, व्ही म्हणजे व्हिक्टोरिया, एन म्हणजे न्यू साउथ वेल्स. त्यानंतर एफ असेल तर स्त्री. त्यापुढे एक्स असेल तर परदेशी सेवेसाठीच्या स्वयंसेवी दलातली. तीन अक्षरांत तिचं राज्य, ती स्त्री असल्याची खूण आणि समुद्रापार जायची तयारी, सगळं आलं. अमेरिकन लष्करात ए हे अक्षर विमेन्स आर्मी कोअरच्या साध्या भरतीचं, एल तिथल्या अधिकाऱ्यांचं आणि एन लष्करी नर्सेसचं. जुन्या पाकिटावरच्या प्रेषकाच्या पत्त्यात हे नंबर हटकून असतात. घरातली पत्रं जपून ठेवली असतील तर मजकुराइतकंच पाकीट मोलाचं.

जळालेले कागद

कधी कधी कागद खरोखरच नसतो. लंडनमधल्या आर्नसाइड स्ट्रीटवरच्या लष्करी दप्तरखान्यावर सप्टेंबर १९४० मध्ये बॉम्ब पडले आणि पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या निम्म्याहून जास्त फायली गेल्या. त्याच आगीत बायकाही गेल्या. विमेन्स आर्मी ऑक्झिलरी कोअरच्या ५७,००० पैकी सुमारे ७,००० जणींचेच सेवापट आज उरले आहेत. याउलट लष्करी नर्सेसच्या पंधरा हजारांहून अधिक फायली शाबूत आहेत. अमेरिकेत १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या भांडाराला आग लागली. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायलींची राख झाली. नोव्हेंबर १९१२ ते जानेवारी १९६० या काळात लष्करातून सुटलेल्यांचे सुमारे ८० टक्के कागद त्यात गेले. नौदलाच्या फायली त्या आगीतून वाचल्या. म्हणजे आजी लष्करात होती की नौदलात, यावर तिच्या फाईलचं नशीब ठरलं.

आग लागली म्हणून हात टेकू नका. सैन्य एकच गोष्ट पाच ठिकाणी लिहितं. फाईल गेली तरी पगाराच्या पावत्या, पदकांच्या याद्या, पेन्शनचे कागद, तुकडीची रोजची हजेरी इतरत्र असते. अमेरिकन तुकड्यांच्या "मॉर्निंग रिपोर्ट"मध्ये कोण आलं, कोण गेलं, कोण इस्पितळात दाखल झालं याची रोजची नोंद असे. अधिकारी स्त्रियांची नेमणूक, बढती, सन्मान राजपत्रात छापून येत. सेवेत असताना वारलेल्या राष्ट्रकुलातल्या स्त्रियांची नावं युद्धस्मशानभूमी आयोगाच्या यादीत आहेत, आणि ती यादी दुसऱ्या युद्धासाठी ३१ डिसेंबर १९४७ पर्यंतची आहे. म्हणजे शांतता झाल्यावर क्षयाने गेलेली नर्सही तिथे सापडू शकते.

फाईल हातात आली की

पहिल्यांदा उघडल्यावर ती परकी वाटते. तुकडे-तुकडे अक्षरं, तिरक्या सह्या, शिक्के. एका पानावर "एसओएस" दिसतं आणि काळजात धस्स होतं. घाबरू नका. लष्करी कारकुनाच्या भाषेत त्याचा अर्थ तुकडीच्या पटावरून नाव कमी केलं, म्हणजे बहुतेकदा साधी बदली. "टीओएस" म्हणजे नव्या पटावर चढवलं. या दोन शब्दांच्या जोड्या तारखेने लावल्या की तिचा सगळा प्रवास उलगडतो. अमेरिकन कागद असेल तर तारखेत महिना आधी येतो हे विसरू नका, नाहीतर ती मे महिन्याऐवजी मार्चमध्ये भलत्याच गावी जाऊन बसते.

सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात पुष्कळदा नुसता एखाद्या नियमाचा क्रमांक असतो. तो शोधा, पण आधी मनाची तयारी ठेवा. लग्न, गरोदरपण, आजार, मानसिक थकवा, काहीही निघू शकतं. नर्सेसच्या फायलींत वरिष्ठांचे गोपनीय शेरे असतात आणि ते निष्ठुर असू शकतात. "उद्धट," "हुकूम पाळत नाही," असं लिहिलेलं वाचलं तर लिहिणारी कोण होती, कोणत्या महिन्यात, त्या आठवड्यात इस्पितळात किती जखमी आले होते, हे बघितल्याशिवाय मत बनवू नका. आणि जे सापडेल ते सगळं घरच्या गटावर टाकायचं का, याचा विचार आधी करा. तिने आयुष्यभर जे सांगितलं नाही ते सांगायचा हक्क आपल्याला आपोआप मिळत नाही.

फाईल तिचा सांगाडा देते. रोजचं जगणं हवं असेल तर ती ज्या ठिकाणी होती तिथली रोजनिशी वाचावी लागते, आणि इथे पुन्हा कपाटाचा प्रश्न येतो. १९४१ पासून ब्रिटनमध्ये विमानविरोधी तोफांच्या मिश्र तुकड्या होत्या. शत्रूच्या विमानाची उंची आणि अंतर काढण्याचं काम मुली करत, तोफ डागायचं पुरुष. या तुकड्यांच्या रोजनिशा रॉयल आर्टिलरीच्या कागदांत आहेत. आजीच्या दलाच्या नावाने शोधून त्या कधीच मिळणार नाहीत. हवाई दलातली असेल तर तिच्या विमानतळाचं कामकाजाचं पुस्तक मागवा. त्यात तिचं नाव नसेलही. पण ज्या रात्री धावपट्टीवर बॉम्ब पडले ती रात्र असेल, आणि त्या तारखेला ती तिथे होती हे तुम्हाला तिच्या फाईलवरून माहीत असेल.

परवानगीचं थोडक्यात. ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाकडचे सुमारे ९७ लाख सेवापट २०२२ पासून टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जात आहेत. जन्माला ११५ वर्षं होऊन गेली असतील तर फाईल खुली, नाहीतर मागणीचा अर्ज करावा लागतो आणि मृत्यूचा दाखला जवळ असलेला बरा. अमेरिकेत सेवा सोडून ६२ वर्षं झाली की फाईल कुणालाही मागता येते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने कितीतरी फायली चित्ररूपात मोफत ठेवल्या आहेत, तिथल्या आजीचा शोध एका संध्याकाळीही लागू शकतो. बाकी ठिकाणी वाट बघायची तयारी ठेवा. आणि वाट बघता-बघता घरातल्या सगळ्यात वयस्क बाईपाशी जाऊन बसा, फोटो तिच्या हातात द्या आणि ती काय म्हणते ते लिहून घ्या. "काय करायची?" असं विचारलं तर "काहीतरी" हेच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा, "पत्रं कुठून यायची?", "सुट्टीवर यायची तेव्हा कोणत्या रंगाचे कपडे असायचे?", "तिच्या बरोबरीची कुणी मैत्रीण होती का?" मैत्रिणीच्या नावावरून तुकडी सापडते.

मग नाव, दल, नंबर आणि ठिकाण हाती लागलं की तो फोटो उलटा करा. मऊ पेन्सिल घ्या, शाई नको, शाई कागदातून उतरते. आधी माहेरचं नाव, त्याखाली सासरचं, मग दल, नंबर, आणि फोटोची तारीख जितकी कळली तितकी. हात हलका ठेवा, म्हणजे पुढच्या बाजूला वळ उमटत नाही.